पीएचडीचं चौथं वर्ष, सतराव्या पायरीवर अडकलोय. पुढे पोस्टडॉक की प्रोसेस?

सतरावी_पायरी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक असतो, पण गेल्या आठवड्यात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून धड झोप नाही.

पीएचडीचं चौथं वर्ष, विषय टोटल सिंथेसिस, म्हणजे साध्या रसायनांपासून पायरीपायरीने अख्खा रेणू बांधणं. एक नैसर्गिक रेणू, आराखड्यात २० पायऱ्या, त्यातल्या १६ झाल्या. सतराव्या पायरीत १४ अणूंचं कडं बंद करायचंय, रिंग क्लोजिंग मेटाथेसिसने (साखळीच्या दोन टोकांचे दुहेरी बंध जोडून, इथिलीन बाहेर टाकून). सात महिने झाले, बंद होत नाही. ग्रब्सचा दुसऱ्या पिढीचा कॅटॅलिस्ट झाला, होवेडा-ग्रब्स झाला, सॉल्व्हंट म्हणून टोल्युईन झालं, डायक्लोरोमिथेन झालं. मिळतो तो डायमर (दोन रेणू एकमेकांना जोडलेले), नाहीतर घातलेला माल जसाच्या तसा परत. आता सोळाव्या पायरीचा ३८ मिलिग्रॅम उरलाय. तो संपला की पुन्हा पहिल्या पायरीपासून, म्हणजे आणखी चार महिने गेलेच.

गाइड म्हणतात, थिसिस लिही, दोन वर्षं पोस्टडॉक कर, मग प्राध्यापकीचं बघू. दरम्यान मी त्यांना न सांगता एका ठिकाणी प्रोसेस डेव्हलपमेंटची (लॅबमधली पद्धत कारखान्याच्या मापात बसवायचं काम) मुलाखत देऊन आलो. सादरीकरण चांगलं झालं असं वाटत होतं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "याच रेणूची एक किलोची बॅच करायची आहे. आधी कुठली पायरी बदलाल?" मी गप्प. चार वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तर दोन प्रश्न. एक, त्यांना काय उत्तर अपेक्षित होतं? आणि दुसरा, ज्याला असा प्रश्न पडतच नाही त्याने त्या वाटेला जावं का? इथे दोन्हीकडची माणसं आहेत म्हणून विचारतोय.

मदर_लिकर

मागच्या रांगेतली बाई मी नव्हे, पण असू शकले असते. हा प्रश्न मीही विचारते. प्रतिसाद लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

उत्तर ऐक. पायरी शोधायच्या आधी कॉलम (सिलिकाच्या नळीतून माल शुद्ध करणं) मोजायचे. तुझ्या १६ पायऱ्यांत किती कॉलम आहेत? माझ्या थिसिसमध्ये १९ पायऱ्यांना १७ होते, आणि उरलेल्या दोन पायऱ्यांत कॉलम नव्हता कारण माल सिलिकावर टिकत नव्हता. एक किलो क्रूडला (अशुद्ध मालाला) ३०-४० किलो सिलिका लागते आणि तिच्यातून जाणारं सॉल्व्हंट पिंपांनी मोजावं लागतं. म्हणून आधी विचार हा की कुठल्या पायरीचा माल स्फटिक होऊन खाली बसेल, आणि कुठल्या दोन-तीन पायऱ्या मध्ये काही न काढता एकामागून एक उरकता येतील. मग तुझं डेस-मार्टिन (ऑक्सिडेशनचं रसायन, तू वापरलं असणारच). कोरडी पावडर आपटली किंवा तापली तर फुटू शकते, ती किलोने वापरायला सेफ्टीवाला सहजासहजी सही देत नाही. मग उणे ७८ अंशाला लावाव्या लागणाऱ्या रिअॅक्शन्स. मग टिन वापरलं असेल तर ते, कारण शेवटच्या मालातून टिन काढणं म्हणजे गादीतून केस वेचणं.

आणि मग तुझी लाडकी सतरावी. डायमर होऊ नये म्हणून तू ती किती पातळ करतोस? १ मिलिमोलर (लिटरमागे मोलचा हजारावा भाग) धरू. एक किलो माल, रेणुभार ५०० धरला तर २ मोल. म्हणजे २,००० लिटर डायक्लोरोमिथेन. एका किलोसाठी! मुलाखतीत एवढा एक हिशेब फळ्यावर मांडला असतास तरी पुरे होतं. रसायन कुणीही वाचून येतं, लिटर कुणी मोजत नाही.

यावरून आठवलं. बीआयएलएन २०६१ नावाचा हिपॅटायटिस सी वरचा एक उमेदवार रेणू होता. त्यातही मोठं कडं मेटाथेसिसनेच बंद करायचं होतं आणि त्यांचंही घोडं याच पातळपणावर अडलं होतं. त्यांनी कॅटॅलिस्ट बदलत बसण्यापेक्षा माल बदलला. अमाइडच्या नायट्रोजनवर बॉक (नंतर काढून टाकता येणारा संरक्षक गट) बसवला. साखळीची बसण्याची तऱ्हा बदलली, टोकं एकमेकांजवळ आली, आणि तीच रिअॅक्शन कितीतरी पट दाट द्रावणात नीट चालू लागली. तुझ्या रेणूत अमाइडचा एनएच (नायट्रोजनवरचा हायड्रोजन) मोकळा आहे का? असेल तर त्या ३८ मिलिग्रॅममधले ६ बाजूला काढ.

आता दुसरा प्रश्न. मला तरी हे प्रश्न कुठे पडत होते? माझ्या प्रबंधाचं नाव "अमुक रेणूच्या संश्लेषणाच्या दिशेने अभ्यास" असं आहे. "च्या दिशेने" म्हणजे पोचले नाही, हे या धंद्यात सगळ्यांना कळतं. लाज वाटायची. पुढे मुलाखती घ्यायला लागले तेव्हा दिसलं की "दिशेने" वाल्यांना आपली रिअॅक्शन का फसली ते जास्त नेमकं सांगता येतं, कारण त्यांनी दुसरं काही केलेलंच नसतं.

पोस्टडॉक दोन वर्षं केलं, मग प्रोसेसमध्ये आले. तिथलं पहिलं वर्ष सांगते, कारण ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

२० लिटरचा फ्लास्क, टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये मॅग्नेशियमच्या चकत्या, वरून ब्रोमाइड थेंबथेंब. ग्रिन्यार (मॅग्नेशियमची हीच प्रक्रिया) मी थिसिसमध्ये पन्नासदा तरी लावलं असेल. चिमूटभर आयोडीन टाकलं, मँटल (फ्लास्क तापवायची गादी) लावला, तापमान ४० ला आलं, मी म्हटलं सुरू झालं. एक तृतीयांश ब्रोमाइड आत गेलं तरी द्रावण पिवळंच. ते पिवळं मला दिसत होतं. आयोडीनचा रंग उडाला नाही म्हणजे मॅग्नेशियम अजून जागं झालेलं नाही, हे मी स्वतः ज्युनियर मुलांना शिकवलं होतं. पण आकडा ४० होता आणि माझा आकड्यावर विश्वास. ती ऊब मँटलची होती, रिअॅक्शनची नव्हे.

मग एकदम राखाडी झालं. ४१, ४८, ६६. टीएचएफ उकळायला लागलं, कंडेन्सर भरला आणि वरून ओसंडून हुडमध्ये. शेजारच्या सहकाऱ्याने मँटल खाली पाडला, बर्फाचं टब सरकवलं, हुडची काच ओढली आणि मला दंडाला धरून मागे नेलं. कुणाला काही झालं नाही. १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये असं झालं असतं तर मी हसून डायरीत "जोरदार सुरुवात" लिहिलं असतं. हाच खेळ १,००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेला तर माल दहा हजार पट होतो, पण दर लिटरमागे उष्णता बाहेर टाकायला मिळणारा पृष्ठभाग एकविसाव्या हिश्श्यावर येतो. भूमिती आहे ती, तिला तुमची पदवी माहीत नसते.

दुसऱ्या दिवशी बैठक. मला वाटलं आता धुलाई. बॉसने एवढंच विचारलं, "कुठल्या खुणेवर विश्वास ठेवलास आणि कुठलीवर नाही?" त्यानंतर आमच्या गटात नियम झाला: ५ टक्के ब्रोमाइड घालायचं आणि थांबायचं. बाहेरून ऊब बंद केल्यावरही आतलं तापमान जॅकेटच्या (भांड्याभोवतीच्या गरम-गार आवरणाच्या) वर चढलं, रंग उडाला, तरच पुढे. तो नियम १९ वर्षांनी मी आजही पाळते. घाईत असले तर दोनदा पाळते.

बाकी दिवस कसे जातात? खरं सांगू का, निम्मा वेळ स्फटिकांमागे जातो. माल तेल होऊन तळाशी बसतो, खरवडा, गार करा, हेप्टेन घाला, काही होत नाही, आणि मंगळवारी सकाळी कुणीही काही न करता फ्लास्क पांढराशुभ्र. मला या कामाचं वेड आहे. आणि भीतीही. रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध १९९६ ला बाजारात आलं, आणि १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये कुणी कधी न पाहिलेला दुसऱ्याच रूपाचा स्फटिक निघाला. रेणू तोच, रचून बसण्याची पद्धत वेगळी, विरघळणं खूप कमी. कॅप्सूल बाजारातून काढावी लागली. तेव्हा "फक्त क्रिस्टलायझेशन" असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

तर दादा, तुला काय पडतं आणि काय पडत नाही हे चौथ्या वर्षी ठरवू नकोस. इतकंच बघ की दिवसभरातली कुठली वेळ तुझी न कळत जाते. नवी रिअॅक्शन शोधताना, एनएमआर (रेणूची रचना सांगणारा स्पेक्ट्रम) सोडवताना, की तीच रिअॅक्शन सहाव्यांदा लावून दोन टक्के जास्त काढताना? तिसरं असेल तर आमच्याकडे ये. पोस्टडॉक करायचंच असेल तर थिसिसपेक्षा वेगळ्या विषयात कर. तेच काम दोन वर्षं दुसऱ्या इमारतीत करायला जाऊ नकोस.

जुना_मॅग्नेट

मदर_लिकर यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे वाचनीय, तरीही थोडा विरोध नोंदवतो. मी पलीकडचा, शिकवतो आणि गट चालवतो.

धाग्यातला सूर असा वाटतोय की प्राध्यापकी म्हणजे नव्या रिअॅक्शनचा आनंद. मी शेवटचा कॉलम स्वतः केला त्याला आठ वर्षं झाली. माझा दिवस अनुदानाच्या अर्जात, शिफारसपत्रांत, आणि "एनएमआर बंद पडलाय सर" यात जातो. हौस म्हणाल तर संध्याकाळी एखादी मुलगी क्रूडचा स्पेक्ट्रम घेऊन दारात उभी राहते आणि आम्ही दोघं ५.८ पीपीएमच्या त्या एका मल्टिप्लेटकडे बघत बसतो, ती पाच मिनिटं. तीही रोज नसतात. ती पाच मिनिटं पुरणार असतील तरच यावं.

आणि वाट एकदा धरली की परत फिरता येत नाही, हे मला पटत नाही. पर्किनने १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी क्विनीन करायला जाऊन जांभळा रंग काढला, गुरू हॉफमन नको म्हणत असताना कॉलेज सोडून कारखाना टाकला, आणि १८७४ मध्ये, छत्तिशीत, तो विकून पुन्हा संशोधनाला बसला. विल्यम नोल्स यांची तर आख्खी कारकीर्द कंपनीत गेली. पार्किन्सनवरचं एल-डोपा एकाच हाताचं (आरशातल्या जोडीपैकी हवं तेच रूप) करण्याची पद्धत त्यांनी तिथेच बसवली आणि निवृत्तीनंतर १५ वर्षांनी, २००१ मध्ये, नोबेल मिळालं.

वाट माणसं अडवतात तेव्हाची गोष्ट वेगळी. पर्सी ज्युलियन यांनी १९३५ मध्ये फायसोस्टिग्मिनचं संश्लेषण पूर्ण केलं, आणि त्या वाटेवर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या गटाचा मधला रेणू चुकीचा आहे असं छापून सांगितलं. त्या काळी रॉबिन्सनना चूक म्हणणं म्हणजे काय, ते आम्हा जुन्यांना विचारा. ज्युलियन बरोबर निघाले. तरी ज्या कॉलेजात हे काम केलं तिथे कृष्णवर्णीय म्हणून त्यांना प्राध्यापकपद मिळालं नाही. मग ग्लिडन कंपनीत जाऊन त्यांनी सोयाबीनमधल्या स्टेरॉलपासून हॉर्मोन्स करून दाखवली. तो माणूस कंपनीत "घसरला" असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

सतरावी_पायरी, गाइडना मुलाखतीचं सांगून टाक. ते कुठूनतरी कळतंच. माझ्या विद्यार्थ्यांचं मला कळतं.

मदर_लिकर

@जुना_मॅग्नेट, पर्किनच्या काळी कारखानदाराला पेपर लिहायला कुणी अडवत नव्हतं. माझी सगळ्यात चांगली रिअॅक्शन पेटंटचा निकाल लागेपर्यंत कपाटात होती, आणि ती छापून आली तोवर तशाच तीन दुसऱ्यांनी छापल्या होत्या. प्राध्यापकीच्या मुलाखतीत यादी मागतात, कपाट नाही. दार बंद नसतं हे खरं, पण दर वर्षी बिजागरी थोडी गंजते. हे मुलाला आधी सांगायला हवं.

गाइडना सांगण्याबद्दल मात्र १००% सहमत.

पॅलेडियम_ब्लॅक

तिसरी वाट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. मी ११ वर्षांपूर्वी बेंच सोडलं, पेटंटमध्ये आहे. दिवसभर एकाच कंसात लाखो रेणू बसवणारे मार्कुश दावे वाचतो आणि त्यातला आपला रेणू नेमका कुठे सापडतो ते शोधतो. टोटल सिंथेसिसवाले यात चांगले निघतात, कारण संरचना नुसती बघून "हे असं होणार नाही" म्हणायची सवय असते. हाताला वास येत नाही, पाठ दुखते. रोटाव्हॅपची (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्राची) आठवण येते का? हो, विशेषतः शुक्रवारी.

नवशिका_२

अवांतर, पण आता रोबो रिअॅक्शन लावतात, सॉफ्टवेअर रेट्रोसिंथेसिस (हव्या रेणूपासून मागे जात मार्ग शोधणं) करून देतं. अजून पाच वर्षांनी ऑरगॅनिक केमिस्ट लागणार आहेत का?

मदर_लिकर

@नवशिका_२, रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी रेट्रोसिंथेसिससाठी कॉम्प्युटर १९६० च्या दशकातच वापरायला घेतला होता, त्यामुळे ही भीती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. आमच्याकडे रोबो आहे. एका रात्रीत ९६ रिअॅक्शन लावतो, आणि सकाळी त्यातल्या ३० मध्ये गाळ का बसला ते मला विचारतो. सध्या तरी मी आहे.

सतरावी_पायरी

सगळ्यांचे आभार. उशिरा आलो, कारण मधले दिवस लॅबमध्येच होतो.

ताई, आधी कॉलम मोजले. १६ पायऱ्यांत १५. आणि २,००० लिटरचा हिशेब स्वतः करून बघितला, माझं द्रावण तर ०.५ मिलिमोलर होतं, म्हणजे ४,०००. वाचून मला हसूच आलं. उत्पन्नाचा गुणाकारही केला. सरासरी ८० टक्के धरले तर २० पायऱ्यांनी शेवटी एक टक्का उरतो, ९० धरले तर बारा. चार वर्षं मी प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा बघत होतो.

गाइडना सांगितलं. थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, "काय विचारलं मुलाखतीत?" प्रश्न सांगितल्यावर तेही गप्प झाले, आणि मग आम्ही दोघांनी मिळून फळ्यावर पायऱ्या खोडल्या. सहावी आणि सातवी एकत्र होतील असं दिसतंय. दीड तास. चार वर्षांतली सगळ्यात चांगली चर्चा.

आणि हो, अमाइडचा एनएच मोकळा आहे. सहा नाही, आठ मिलिग्रॅम घेतले. बॉक बसला, कॉलम केला (सोळावा!), ५ मिलिमोलरवर मेटाथेसिस लावली, म्हणजे आधीच्या दहापट दाट. चार तासांनी टीएलसीच्या पट्टीवर आधीचा स्पॉट गेला आणि खाली नवा एक आला. मास (रेणूचा भार मोजणारी चाचणी) दिलं, बरोबर २८ कमी. इथिलीन गेलं!! पोरं नाचतायत इथे.

मदर_लिकर

पोरांना थांबव. डायमरमधूनही इथिलीनच जातं, दोन रेणूंमधून दोन. तो दोन प्रोटॉन घेऊन आला तर मासमध्ये नेमका त्याच आकड्यावर बसतो. शिखर मोठं करून बघ, आयसोटोपच्या काड्यांमध्ये अंतर १ चं आहे की अर्ध्याचं? अर्ध्याचं असेल तर तो डायमर.

जुना_मॅग्नेट

मी पण हेच लिहायला आलो होतो. थांबतो.

सतरावी_पायरी

बघितलं. अंतर १ चं. मध्ये अर्ध्यावर बारीक काड्या आहेत, पण अगदी बारीक. एनएमआरचा स्लॉट पहाटे ३ चा मिळालाय, नळी भरून ठेवलीय.

मदर_लिकर

बारीक म्हणजे किती? आणि नळीवर नाव घाल.